चादरीच्या पाकिटावरचा आकडा, गादीची जाडी आणि बोअरचे पाणी

सायली_कोथरूड

नमस्कार. चादरींसाठी वेगळा धागा काढावा लागेल असे कधी वाटले नव्हते, पण रोज पहाटे उठून गादी नव्याने झाकण्याचा आता कंटाळा आला आहे. गेल्या दिवाळीत एका संकेतस्थळावरून प्रत्येकी ४४९ रुपयांना तीन डबल बेडशीट मागवल्या होत्या. पाकिटावर 'ग्लेस कॉटन', '१४४ टीसी' आणि 'किंग साइज' असे छापलेले होते. आठ महिन्यांत त्यांची अवस्था अशी झाली आहे की, पायाकडची दोन्ही टोके रात्रीतून निघतात आणि सकाळी मधोमध वळकटी सापडते. पाठ टेकते त्या पट्ट्यात बारीक बारीक गोळे आले आहेत. एप्रिल-मेमध्ये सासूबाईंच्या पाठीवर घामोळे उठले, तेव्हापासून त्या चादर बाजूला सारून सरळ गादीच्या खोळीवर झोपतात आणि त्याबद्दल काही बोलत नाहीत, हे मला जास्त लागते.

आमची गादी ७२ बाय ७८ इंच आणि ६ इंच जाड आहे. सासूबाईंचा सिंगल पलंग ३६ बाय ७२ असून त्यावर ४ इंचांची कापसाची गादी आहे. दोन्हींना प्रत्येकी दोन चादरी आणि अभ्रे एवढे ३००० रुपयांत बसवायचे आहे. सोसायटीत बोअरचे पाणी मिसळलेले येते, आणि वॉशिंग मशीन साडेसहा किलोचे, वरून झाकण असलेले, पाणी न तापवणारे आहे. दुकानात कापड हातात घेतल्यावर नेमके काय पाहायचे आणि ते घरी आणल्यावर कसे धुवायचे, हे अनुभवाने माहीत असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मागवाला

सायलीताई, मी इचलकरंजीचा. आयुष्याची २२ वर्षे यंत्रमागाच्या खडखडाटात गेली, त्यामुळे कानाने थोडे कमी ऐकू येते, पण बोटांना कापड अजून समजते. टीसीचे, म्हणजे धाग्यांच्या मोजणीचे, पुढे बघू. तुमच्या घरातल्या भांडणाचे मूळ मला मापात दिसते आहे.

गादी ७२ इंच रुंद आणि ६ इंच जाड, म्हणजे दोन्ही बाजू उतरून यायलाच ८४ इंच कापड लागते. त्यानंतर गादीखाली खोचायला प्रत्येक बाजूला निदान ८ इंच हवेत, म्हणजे झाले १००. लांबीकडून ७८ अधिक १२ अधिक १६, म्हणजे १०६. बाजारात डबल म्हणून जी मापे चालतात त्यांत ९० बाय १०० आणि १०८ बाय १०८ ही दोन मुख्य आहेत. ९० इंची चादर तुमच्या गादीवर घातली तर खोचायला एका बाजूस ३ इंच उरतात, आणि तीन इंच कापड माणसाने कूस बदलली की बाहेर येणारच, त्यात कापडाचा काही दोष नाही. ९० बाय १०० ही ६० इंच रुंदीच्या पलंगाची चादर आहे; तिथे ती बाजूंनी ९-९ इंच आत जाते आणि घट्ट बसते. 'किंग', 'क्वीन' हे शब्द विक्रेता आपल्या मर्जीने छापतो, म्हणून शब्द सोडून इंच वाचावेत. तुमच्या तीनपैकी एक चादर टेपने मोजून इथे लिहा, आणि स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर कोरडी चादर घडी करून त्यावरही ठेवा. वजनाचे काय करायचे ते नंतर सांगतो.

सायली_कोथरूड

मोजली. रुंदी ८८, लांबी ९६ इंच. वजन ४५५ ग्रॅम. म्हणजे खोचायला दोनच इंच उरत होते आणि मी आठ महिने घरातल्यांच्या झोपण्याच्या पद्धतीला नावे ठेवत होते.

मागवाला

आता हिशोब पाहा. ८८ बाय ९६ इंच म्हणजे सुमारे ५.४५ चौरस मीटर. ४५५ ग्रॅमला त्याने भागले की चौरस मीटरला सुमारे ८३ ग्रॅम येतात. कापडधंद्यात याला जीएसएम म्हणतात. अंथरायच्या साध्या सुती चादरीचे वजन १२० ते १५० च्या घरात असावे, असा आमचा अंदाज असे. ८३ ग्रॅमचे कापड सुती असते तर तुम्हाला त्यातून गादीची नक्षी दिसली असती. दिसत नसेल तर ते बहुतेक पॉलिस्टरच्या अतिबारीक तंतूंचे, म्हणजे मायक्रोफायबरचे, असावे. खात्री करायची असेल तर दुमडीतून एक-दोन धागे उसवून काढा, चिमट्यात धरा आणि न्हाणीघरात बादलीजवळ उभे राहून पेटवा. सूत कागदासारखे जळते, जळक्या कागदाचाच वास येतो आणि राखाडी राख बोटांनी चुरडली जाते. पॉलिस्टर वितळत मागे सरकते, काळा धूर सोडते आणि शेवटी कडक मणी उरतो. दोन्हींची भेसळ असेल तर राखेत खडे लागतात.

१४४ चे गुपितही सांगून टाकतो. टीसी म्हणजे एका चौरस इंचातले उभे आणि आडवे धागे मिळून होणारी संख्या. ३० नंबरच्या जाडीच्या सुतात इंचाला ७६ उभे आणि ६८ आडवे, असे एक जुने, साधे, स्वस्त विणकामाचे माप आहे; त्याची बेरीज १४४. ते वाईट कापड नसते. आमच्याकडून असे ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेले कोरे कापड प्रोसेस हाऊसला, धुलाई-रंगाईच्या कारखान्याला, ट्रकच्या ट्रक जात असे, आणि सुती असेल तर ते दहा वर्षे टिकते, फक्त हाताला जाडेभरडे लागते. त्या ओळखीच्या आकड्याचा शिक्का आता कशावरही मारतात, एवढीच तक्रार आहे. 'ग्लेस कॉटन' हे नाव तर मी मागावर असेपर्यंत ऐकलेही नव्हते.

घामोळ्याचे म्हणाल, तर कोरडे दिसणारे सूतसुद्धा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांपर्यंत धरून ठेवते आणि पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. सासूबाईंची पाठ वेगळे काय सांगत होती?

नव्याने_संसार

धागा पेटवून पाहिला! आमच्याही चादरीचा मणी झाला. पाकिटावर 'कॉटन फील' लिहिले होते ते आत्ता कळले. पण एक शंका आहे. लग्नात मावशीने १००० टीसीची चादर दिली. ती महागडी आहे, चकाकते, पण उन्हाळ्यात त्यावर झोपवत नाही. मग १००० चा फायदा काय?

मागवाला

इंच तेवढाच असतो. एकेरी सुताचे धागे किती बारीक केले तरी चौरस इंचात साधारण चारशेच्या आसपास बसतात. त्यापुढचा आकडा गाठायला दोन किंवा तीन पदर पिळून एक धागा करतात आणि मोजताना प्रत्येक पदर वेगळा मोजतात. म्हणजे धागे तेवढेच, मोजणी तिप्पट, आणि कापड जड व कोंदट. चकाकीचे कारण विणीत आहे. आडवा धागा एका उभ्याखालून आणि एकावरून गेला की ती साधी वीण, जिला दुकानदार परकेल म्हणतात. चार धाग्यांवरून जाऊन एकाखाली गेला की ती साटीन. साटीनचे धागे पृष्ठभागावर लांब मोकळे पडतात, म्हणून ती मऊ व चकचकीत लागते, आणि त्याच कारणाने नखात, पैंजणात, जोडव्यात लवकर अडकते. पुण्यातही एप्रिलला साधी वीणच बरी, मुंबई-कोकणाबद्दल तर बोलायलाच नको. १८० ते ३०० टीसी, साधी वीण, एकेरी सूत, आणि जमल्यास 'कोम्ब्ड' म्हणजे विंचरलेले सूत. विंचरताना आखूड तंतू गळून जातात, त्यामुळे धुतल्यावर लव उठत नाही.

बाकी 'इजिप्शियन कॉटन' वगैरे अक्षरांना तीन हजारांच्या अंदाजपत्रकात भुलू नये. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीने इजिप्शियन म्हणून विकलेल्या चादरी प्रत्यक्षात तशा नव्हत्या म्हणून ग्राहकांचे पैसे परत केले होते. तिथल्या तपासनिसांना जे उशिरा समजले ते आपल्याला काउंटरवर कसे समजणार?

चाटीगल्ली

आमच्या सोलापूरचा विषय अजून कोणी काढला नाही याचे नवल वाटते. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की 'बेडवर घालायला सोलापुरी चादर द्या' म्हणतात, तेव्हा त्यांना सांगावे लागते की, सोलापुरी चादर हे मुळात पांघरूण आहे. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली, जाड सुताची, दोन्ही बाजूंनी उलटसुलट रंगाची नक्षी असलेली ही चादर थंडीत अंगावर घ्यावी, प्रवासात न्यावी, जमिनीवर अंथरून बसावे. गादीवर घातली तर ती खोचली जात नाही, सुरुवातीच्या धुण्यांत लव सोडते आणि भिजली की इतकी जड होते की साडेसहा किलोचे मशीन कण्हू लागते. तिला भौगोलिक मानांकन आहे. तरी तिच्या नावाने दुसरीकडचे पातळ माल विकणारे कमी नाहीत, म्हणून घ्यायचीच तर इथे येऊन, हातात तोलून घ्यावी. सासूबाईंना पहाटे पांघरायला एक जरूर घ्या, अंथरायला नको.

दादरची_मावशी

सायली, तयार पाकिटांच्या मागे लागूच नकोस. मंगळदास मार्केटमध्ये किंवा तुमच्या लक्ष्मी रस्त्यावर ठोक कापडवाल्यांकडे चादरीचे थान मिळते. ९० आणि १०८ इंच पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, कापड असते, सिंगलसाठी ६० इंची. 'चादरीचे, साधी वीण, शंभर टक्के सुती, मोठा पन्हा' एवढे सांगायचे. मी मागच्या वर्षी १०८ पन्ह्याचे कापड २६० रुपये मीटरने घेतले. तीन मीटरला ७८०, शिंप्याने दोन टोके दुमडायचे ६० घेतले. मधे जोड नाही, माप आपल्या गादीचे, आणि शिलाई अशी की फाटेल कापड पण उसवणार नाही. तयार चादर घेतेस तेव्हा मधोमध जोड आहे का ते उलगडून नक्की पाहा. लहान पन्ह्याच्या दोन पट्ट्या जोडून किंग करणारे पुष्कळ आहेत आणि तो जोड नेमका पाठीखाली येतो.

दुकानात मी चार गोष्टी करते. कापडाचा कोपरा मुठीत घेऊन कापडावर कापड खसाखसा चोळते. पांढरी पूड पडली तर ते वजन खळीचे आहे, दोन धुण्यांत कापडाची मच्छरदाणी होणार. मग एक पदर ट्यूबलाइटसमोर धरते आणि वीण सगळीकडे सारखी आहे का, मधे विरळ पट्टे आहेत का ते पाहते. गडद रंग असेल तर ओला रुमाल घासते. रुमालाला रंग लागला तर दुकानदाराने कितीही शपथा घेतल्या तरी ठेवून देते. आणि शेवटी नाक लावते. रॉकेलसारखा उग्र वास येणारे छापील कापड मी घरात आणत नाही, यामागे शास्त्र काय ते मला विचारू नका.

एक महत्त्वाचे: थान आणल्यावर आधी भिजवून, धुऊन, वाळवून मगच शिंप्याकडे द्यायचे. सुती कापड पहिल्या पाण्यात आटते.

होस्टेलवासी

सगळ्यांनी मायक्रोफायबरला धारेवर धरले आहे म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी चार वर्षे पीजीमध्ये राहिलो. तिथे वाळत घालायला खिडकीची एक जाळी मिळते, तीही तिघांत. रात्री धुतलेली पॉलिस्टरची चादर सकाळी वाळलेली असते, इस्त्री लागत नाही, रंग जात नाही आणि ३०० रुपयांत येते. सुती चादर त्या जाळीवर ऑगस्टमध्ये तीन दिवस ओली राहून कुबट झाली असती. घामाचा त्रास आहे हे मान्य, पण प्रत्येकाला गच्ची मिळत नाही.

मागवाला

हे मान्य. 'कॉटन' म्हणून न विकता त्याच्या खऱ्या नावाने विकले तर माझे काही म्हणणे नाही.

साबणपुराण

इतका वेळ वाचत होतो. धुण्याचा प्रश्न मागेच पडला आहे म्हणून लिहितो. डिटर्जंटच्या प्रयोगशाळेत काम केले असल्याने हा माझा आवडता विषय आहे, तेव्हा लांबण लागल्यास क्षमस्व. माझे ठाम मत आहे की, घरोघरच्या चादरी झोपण्याने कमी आणि धुण्याने जास्त मरतात.

सायलीताईंच्या पाण्यापासून सुरुवात करू. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पावडरीचा बराचसा जोर त्या क्षारांशी झुंजण्यात संपतो, फेस येत नाही म्हणून आपण आणखी पावडर टाकतो, आणि ती जास्तीची पावडर क्षारांसकट धाग्यांत अडकून बसते. चादर करडी, ताठ आणि खरबरीत होते ती यामुळे. लोक मात्र कापड जुने झाले म्हणतात. आपल्याकडे असे झाले आहे का ते पाहायचे असेल तर धुऊन वाळवलेली चादर बादलीभर स्वच्छ गरम पाण्यात पावडर न घालता बुडवावी आणि हाताने चांगली ढवळावी. फेस आला, पाणी गढूळ झाले, तर तुम्ही आजवर पावडरीवर झोपत होता.

उपाय स्वस्त आहे. किराणा दुकानात धुण्याचा सोडा मिळतो. खाण्याचा सोडा वेगळा आणि या कामी दुबळा. दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा तांब्याभर गरम पाण्यात पूर्ण विरघळवून आधी मशीनच्या पाण्यात ओतावा, पाच मिनिटांनी पावडर घालावी, आणि तीही नेहमीच्या निम्मी. शेवटी एकदा जास्तीचे खळबळून घ्यावे. रेशीम आणि लोकर यांना हा सोडा चालत नाही, चादरींना चालतो. मऊपणासाठी जे सुगंधी द्रव मिळते ते धाग्यावर मेणचट लेप चढवते. वास छान येतो पण सुताची पाणी शोषण्याची ताकद कमी होते, म्हणजे ज्या कारणासाठी आपण सुती चादर घेतली तेच घालवायचे. त्याऐवजी शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घाला, साबणाचा अंश निघतो. मात्र व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो; बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. ब्लीच तसेही पांढऱ्या सुती कापडापुरतेच, वर्षातून एखाद्या वेळी. त्याने डाग जातो तसा धागाही झिजतो.

डागांचे म्हणाल तर प्रत्येकाची जात वेगळी. रक्ताला गार पाणी; गरम पाण्याने त्यातली प्रथिने शिजतात आणि डाग कायमचा बसतो. लहान मुलांच्या आणि आजारी माणसांच्या लघवीच्या डागालाही आधी गार पाण्याने खळबळणे, मग एन्झाइमवाल्या पावडरीत कोमट पाण्यात तासभर भिजत घालणे. उकळते पाणी ओतले तर एन्झाइम निकामी होते. उशीच्या अभ्र्यावरचा डोक्याच्या तेलाचा पिवळा गोल जात नाही अशी सर्वांची तक्रार असते. तिथे भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब कोरड्या अभ्र्यावर चोळून दहा मिनिटांनी गीझरच्या कडक पाण्यात सोड्याबरोबर टाकावे. तेल जुने झाले की हवेने घट्ट होते, त्यामुळे अभ्रे चादरीच्या दुप्पट वेळा धुतले पाहिजेत.

आणि हळद. अंथरुणात बसून जेवू नये असे आई का म्हणायची हे हळदीचा डाग पडला की कळते. साबण लागताच तो डाग लाल होतो आणि गृहिणी घाबरते. हळदीतला रंग साबणाच्या अल्कलीने लाल होतो, स्वच्छ पाण्यात खळबळला की पुन्हा पिवळा. उरलेल्या पिवळ्याला साबणापेक्षा ऊन बरे. ओली चादर दुपारच्या उन्हात डागाची बाजू वर करून टाकावी. दोन दिवसांत फिका होतो, चार दिवसांत शोधावा लागतो. एरवी रंगीत चादरी मात्र उलट्या करून सावलीत वाळवाव्यात.

बर्लिनकर

इथल्या मशीनवर ३०, ४०, ६०, ९० अंश असे तापमान निवडता येते आणि चादरी बहुतेक लोक ६० वर धुतात. धुळीतले सूक्ष्म कीटक, ज्यांनी दमा आणि शिंका वाढतात, ते ६० अंशांना मरतात, असे आमच्या डॉक्टरांनीही सांगितले होते. सायलीताईंच्या मशीनला हीटर नाही, तर गीझरच्या बादल्या ओतता येतील. गडद रंग आणि इलॅस्टिकच्या चादरी मात्र त्यात घालू नका. इलॅस्टिक दोन वर्षांत लोळागोळा होते, हा स्वानुभव.

सायली_कोथरूड

साबणपुराणकाका, फेसाची परीक्षा केली. पाणी दुधासारखे झाले! तीन वेळा खळबळल्यावर निवळले. मशीनमध्ये चादरीचा दोरखंड होतो आणि आतले अभ्रे कोरडेच निघतात, त्याला काही उपाय आहे का? नवीन चादर मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का करावा म्हणतात, ते करू का?

साबणपुराण

मिठाने आजच्या रंगांचे काही होत नाही. रंग पक्का व्हायचा तो कारखान्यात होतो, न बसलेला जास्तीचा रंग दोन-तीन धुण्यांत निघून जावा लागतो, एवढ्यासाठी सुरुवातीला वेगळी धुवायची. मीठ वरणात घाला.

दोरखंडासाठी: १०८ बाय १०८ ची १३० ग्रॅमची सुती चादर कोरडीच जवळजवळ एक किलो भरते. तुमच्या मशीनमध्ये अशा दोनच घाला. मधल्या दांड्याभोवती गुंडाळू नका; चादर हाताने सैल चुणत कडेकडेने सोडा, दोन्ही चादरी समोरासमोर. अभ्रे उलटे करून वरून टाका. टॉवेल आणि जीन्स वेगळ्या. टॉवेलची लव चादरीला लागते आणि जीन्सची चेन चादरीला फाडते. निम्म्यावर मशीन थांबवून एकदा हाताने मोकळे केले तर सोन्याहून पिवळे.

देवगडकर

पावसाळ्याबद्दल आम्हा कोकणातल्यांना विचारा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे जाड चादर अंथरतच नाहीत. पातळ १२० ग्रॅमवाल्या काढतात, जाड धुऊन मे महिन्याच्या उन्हात कडकडीत वाळवून ट्रंकेत जातात, वर कडुनिंबाचा पाला. पिळून काढलेल्या चादरीत तिच्या कोरड्या वजनाच्या निम्मे तरी पाणी राहते, म्हणून मशीनचे पिळणे दोनदा लावावे. पडवीत दोन समांतर दोऱ्यांवर चादर अशी टाकायची की दोन्ही पदरांत हातभर अंतर राहील. एका दोरीवर दुहेरी टाकली तर आतली बाजू वाळत नाही आणि वास धरते. खाली टेबलफॅन. कपाटात ठेवण्याआधी दुमड गालाला लावून पाहायची. कापड वाळलेले वाटते पण दुमडीत गारवा असेल तर आठ दिवसांत काळे ठिपके पडतात, आणि त्या बुरशीवर मला अजून उपाय सापडलेला नाही.

आजीची_नात

इस्त्रीचा विषय निघाला नाही. आमच्या आजीने आयुष्यात चादरीला इस्त्री केली नाही. वाळली की दोघींनी समोरासमोर उभे राहून चार टोके धरायची, दोनदा झटकायची, घडी करून गादीखाली ठेवायची. रात्री आजोबा त्यावर झोपले की सकाळी कडक घडी.

चादर मधे विरली की ती फेकण्याआधी आजी एक गंमत करी. मधोमध उभी कापायची, बाहेरच्या न झिजलेल्या दोन्ही कडा आत घेऊन जोडायच्या, विरलेल्या बाजू कडेला दुमडायच्या. आणखी दोन वर्षे चादर चालायची. जोड पाठीला टोचायचा हे खरे, आम्ही कुरकुर केली की आजी म्हणायची, कुशीवर झोपा. त्यानंतर अभ्रे, मग बाळाची दुपटी, आणि शेवटी गोधडीच्या आतला थर. पॉलिस्टरच्या चादरीचे यातले काहीच होत नाही.

सायली_कोथरूड

तीन आठवड्यांनी हिशोब द्यायला आले आहे. लक्ष्मी रस्त्यावर तीन दुकाने फिरले. पहिल्या दुकानात कापड चोळले तेव्हा काळ्या ओढणीवर पिठी पडली. दुकानदाराने माझ्याकडे आणि मी त्याच्याकडे पाहिले, आणि मी निघाले. दुसरीकडे 'प्युअर' म्हणून दाखवलेल्या कापडाचा धागा काढून मागितला तर ते देईनात. तिसऱ्या दुकानात १०८ पन्ह्याचे साध्या विणीचे कापड २७० ने सहा मीटर आणि सासूबाईंसाठी ६० पन्ह्याचे १५० ने पाच मीटर घेतले. २३७० झाले. शिलाई २००. अभ्र्यांसाठी तुकड्यांतले कापड ३२० रुपयांचे. एकूण २८९०.

मावशींनी सांगितल्याप्रमाणे आधी धुतले. मोठा तीन मीटरचा तुकडा ११८ इंच होता तो ११३ झाला, रुंदी मात्र १०८ वरून १०६ वरच थांबली. दुमडून चादर ११० बाय १०६ झाली आहे आणि गादीखाली सगळीकडून वीतभर जाते. काल रात्री टोक निघाले नाही. सासूबाईंनी पहिल्या दिवशी चादरीवरून हात फिरवून 'जरा खरखरीत आहे' म्हटले, सोड्याच्या दुसऱ्या धुण्यानंतर काही म्हटले नाही, पण काल दुपारी गेले तर त्या चादरीवर, चादर नीट ताणून, झोपलेल्या होत्या.

लांबीकडून पाच इंच आणि रुंदीकडून दोनच, हे असे का, हे मागवालेकाकांना विचारायचे होते.

मागवाला

मागावर उभा धागा बीमपासून, म्हणजे तो गुंडाळलेल्या रुळापासून, पुढे सतत ताणलेला असतो, आणि पुढे प्रोसेसमध्येही कापड लांबीकडूनच ओढले जाते. पाणी लागले की तो ताण सुटतो आणि धागा आपल्या मूळ लांबीवर परत जातो. आडव्या धाग्याला एवढा ताण कधी बसलेलाच नसतो, म्हणून तो कमी आटतो. दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात लांबीकडून अजून अर्धा-पाऊण इंच जाईल, मग थांबेल. सिंगलच्या तुकड्यांची दुमड शिंप्याने अजून घातली नसेल, तर ते आणखी एकदा भिजवून मगच द्या.